होडी आणि शेगडी : राम घाटावरची टिपणे

उज्जैनला शिप्रा नदीच्या राम घाटावरची नाव समोरचा दत्त आखाडा दाखवते, थोडी वर-खाली फिरवते आणि पुन्हा पायऱ्यांना लागते. एवढ्या फेरीत कुणी स्वयंपाक मांडत नाही. होडीत शेगडी येते ती यात्रेकरूच्या पिशवीतून. बाहेरचं न खाणारे, लहान मूल बरोबर असलेले, खर्चाला जपणारे कितीतरी जण दोन-तीन किलोचा सिलिंडर, त्याच्या डोक्यावर बसवलेला बर्नर आणि एक पातेलं घेऊन तीर्थाला निघतात. घाटावर चहा झाला की सगळं पिशवीत, आणि पिशवी होडीत पायांपाशी.

*

एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. हवेपेक्षा दीडपट ते दुप्पट जड. गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा उतार शोधतो. होडीच्या तळाला भोक नसणं हा तिचा गुण. पण बाहेरचं पाणी जसं आत येत नाही, तसा आत साठलेला गॅसही बाहेर जात नाही. नदीवर वारा असतो हे खरं. तो काठावरून निघून जातो, फळ्यांखाली पोचत नाही.

घाटाच्या पायऱ्याही नदीकडेच उतरतात. वारा पडलेल्या संध्याकाळी वरच्या पायरीवर गळलेला गॅस खाली बांधलेल्या नावांकडेच सरकणार.

*

थोडा हिशेब. हवेत सुमारे दोन टक्के गॅस मिसळला की ठिणगी पुरते. एक लिटर द्रव एलपीजीचा साधारण अडीचशे लिटर वायू होतो. छोट्या नावेच्या पोटात अडीच घनमीटर हवा धरली, तर ती पेटण्याजोगी करायला पन्नास लिटर वायू लागेल. म्हणजे दोनशे मिलिलिटर द्रव, वजनाने शंभर ग्रॅमच्या आसपास. आणि गॅस तळाशीच साचत असल्याने तिथे धोका त्याच्याही आधी सुरू होतो.

*

एलपीजीला स्वतःचा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात इथाइल मरकॅप्टन मिसळतात. घरच्या ओट्यापाशी तो वास लगेच कळतो. घाटावर धूप, कापूर, फुलं, ओले कपडे आणि नदी या सगळ्यांनी नाक आधीच व्यापलेलं. त्यात गॅस पायाशी आणि नाक वर. होडीत शंका आली तर वाकून तळाशी वास घ्यावा. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत. त्यांना साबणाचा फेस द्यावा. जोडावर फेस लावला की गळतीच्या जागी बुडबुडे येतात.

*

खरी भीती कंपनीच्या सिलिंडरची नाही, गल्लीतल्या दुकानात ‘भरून’ मिळणाऱ्या छोट्या टाकीची आहे. मोठा सिलिंडर उलटा करून त्यातला गॅस छोट्यात उतरवतात. हे बेकायदा आहे, आणि धोक्याचंही. तापल्यावर द्रव फुगतो. त्यासाठी सिलिंडरमध्ये साधारण पंधरा टक्के जागा रिकामी सोडायची असते. दुकानात ती कोण मोजतो? काठोकाठ भरलेली टाकी मे महिन्याच्या उज्जैनमध्ये, चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात, तापलेल्या दगडावर ठेवली की आतला दाब कुठे जाईल याचा भरवसा नाही.

पाच किलोचा सिलिंडर कंपन्या ओळखपत्रावर देतात. इंडियन ऑइल त्याला ‘छोटू’ म्हणते. वजन थोडं जास्त, पण झडप आणि तपासणी खरी. पत्र्यावरचं अक्षर वाचावं : ए म्हणजे जानेवारी ते मार्च, मग क्रमाने बी, सी, डी, आणि पुढे वर्षाचे दोन आकडे. पुढच्या तपासणीची ती तारीख उलटली असेल तर सिलिंडर घेऊच नये.

*

राम घाटावर ठिणगी आपल्याच शेगडीची असायला हवी असं नाही. इथे संध्याकाळी शिप्रेची आरती असते, द्रोणातले दिवे नावांच्या कडेने वाहत जातात. १ मार्च २०२२ च्या महाशिवरात्रीला शिप्रेच्या काठांवर अकरा लाखांवर दिवे लागले आणि विक्रम झाला. पुढच्याच वर्षी अठरा लाखांवर. ही या गावाची शोभा आहे, ती कुणी विझवू नये. पण उघड्या ज्योतींच्या गावात गॅस आणणाऱ्याने दुप्पट सावध असावं.

२५ मार्च २०२४ ला, धुळवडीच्या पहाटे, महाकालाच्या गाभाऱ्यात भस्म आरतीच्या वेळी गुलाल उडाला आणि आग भडकली. पुजारी-सेवकांसह चौदा जण भाजले, त्यातले एक वृद्ध सेवक पुढे दगावले. आरती रोजचीच होती. पेटणारी वस्तू तिच्याजवळ आली, एवढंच नवीन.

*

यात्रेकरूंचा सिलिंडर काय करतो, हे २६ ऑगस्ट २०२३ ला मदुराईत दिसलं. उत्तर प्रदेशातून निघालेल्या यात्रेकरूंचा रेल्वेचा डबा यार्डात उभा होता, आत लपवून आणलेल्या गॅसवर पहाटे चहा चालला होता. डबा पेटला, नऊ जण गेले.

आपल्याकडच्या यात्रा बसच्या डिकीलाही हेच लागू. आचाऱ्याचं सामान, सिलिंडर, वरून बॅगा, आणि झाकण घट्ट बंद. गॅसच्या दृष्टीने ती डिकी आणि होडीचा तळ यांत फरक नाही.

*

“चारी बाजूंना पाणी आहे, आग कसली लागते?” हे वाक्य दल सरोवरावर टिकलं नाही. ११ नोव्हेंबर २०२३ ला तिथे पाच हाऊसबोटी जळाल्या आणि तीन बांगलादेशी पर्यटक गेले. कारण काहीही असो, भोवतालच्या पाण्याने आग अडली नाही.

शिवाय हाताशी पाणी असलं की हात तिकडेच जातो. तेल पेटलं असताना लोटाभर पाणी ओतलं तर ते क्षणात वाफ होऊन पेटतं तेल चहूकडे उडवतं. तेलावर झाकण टाकावं आणि गॅस बंद करावा. नुसता गॅस पेटला असेल तर आधी सिलिंडरची झडप बंद करावी. झडप उघडी ठेवून ज्योत विझवली तर गॅस न जळता साचतो आणि पुढचा भडका मोठा होतो. होडीत स्वयंपाक होतच असेल तर कोरड्या पावडरचं छोटं अग्निशामक हाताशी हवं, शेगडीच्या पलीकडे नव्हे. पेटल्यावर तिथवर हात पोचत नाही.

*

कोकणातले मच्छीमार दिवसच्या दिवस समुद्रावर असतात. त्यांना भात-कालवण होडीतच करावं लागतं, तिथे ‘शेगडी नको’ म्हणणं पोकळ. इंग्लंडच्या कालव्यांवर लोक होडीतच घर करून राहतात. तिथे सिलिंडरचा कप्पा आतल्या भागापासून बंद ठेवून त्याच्या तळाला बाहेर पाण्याकडे भोक ठेवतात. गळलेला गॅस थेट पाण्यावर जातो. आपल्या होडीत तेच साध्या रीतीने करता येतं : सिलिंडर तळात न ठेवता वर, उघड्यावर, उभा बांधलेला, नळी आयएसआय खुणेची, भांडं सरकू नये म्हणून शेगडीला कड, आणि काम संपलं की शेगडीच्या बटणाबरोबर सिलिंडरवरची झडपही बंद.

पावसात ताडपत्री ओढून आत शेगडी पेटवू नये. बंद जागेत ज्योतीतून साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वासही नाही.

*

२०२८ मध्ये उज्जैनला सिंहस्थ आहे, त्याच्या आदल्या वर्षी नाशिकला. प्रयागराजला १९ जानेवारी २०२५ ला कुंभातल्या तंबूंना आग लागली तेव्हा सिलिंडर फुटत होते. तंबूंसाठी नियम होतील. नावांकडे मात्र बुडण्याच्या भीतीनेच पाहिलं जातं. राम घाटावर बुडणाऱ्याला काढायला पोहणारे स्वयंसेवक आहेत, लाइफ जॅकेटचा आग्रहही आहे. त्याच जोडीला नाववाल्याने, प्रवासी पाय टाकण्याआधी, एक प्रश्न विचारावा : पिशवीत गॅस आहे का? असला तर पिशवी बरोबरच्या कुणाजवळ वर घाटावर राहील, तिथेही दिव्यांपासून दूर. गळतीच्या तक्रारीचा १९०६ हा क्रमांक नावेच्या काठावर रंगवायला काही रुपयांचा रंग पुरतो.