राक्षसाची बाजू

भीती वाटावी म्हणून पदरचे पैसे मोजून तिकीट काढणारा प्राणी माणसाखेरीज दुसरा नसावा. हरिण वाघाच्या वासाने पळते आणि पुन्हा तो वास शोधत येत नाही. माणूस मात्र येतो. अंधाऱ्या चित्रपटगृहात, शेजाऱ्याचा हात घट्ट धरून, तो आपखुशीने घाबरतो. तुम्हीही कधीतरी असे घाबरला असाल. जुने भयपट आणि दूरचित्रवाणीवरील जुन्या विज्ञानकथा-मालिका यांवर माझा जीव आहे, असे मी सांगते, तेव्हा ऐकणाऱ्यांना ही हौसच आठवते. ‘तुम्हाला भीती एवढी आवडते?’ असे ते विचारतात. त्या प्रश्नाचे उत्तर मी तुमच्यासमोर मांडणार आहे.

मेरी शेली या इंग्रज लेखिकेची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी १८१८ साली प्रसिद्ध झाली. तिच्यावर आधारलेला, जेम्स व्हेल यांनी दिग्दर्शित केलेला हॉलिवूडचा चित्रपट १९३१ साली आला. एक तरुण शास्त्रज्ञ मृतांचे अवयव जोडून एक देह घडवतो आणि त्यात प्राण फुंकतो. हा जीव साकारला बोरिस कार्लॉफ या नटाने. जॅक पिअर्स हे रंगभूषाकार रोज सुमारे चार तास खपून त्याचा चेहरा तयार करत. चित्रपटाच्या आरंभीच्या श्रेयनामावलीत त्या भूमिकेपुढे नटाचे नाव नाही, केवळ प्रश्नचिन्ह आहे. पडद्यावरील त्या जीवालाही नाव नाही. लोक त्याला सर्रास ‘फ्रँकेन्स्टाइन’ म्हणतात. वास्तविक ते त्याच्या निर्मात्याचे नाव आहे.

या चित्रपटातील एका दृश्याकडे मी तुमचे लक्ष वेधू इच्छिते. आजवर अंधारात ठेवलेल्या या जीवाच्या डोक्यावरचे छताचे झाकण उघडले जाते. उजेड खाली येतो. तो मान वर करतो, उभा राहतो आणि दोन्ही हात उंचावून तो उजेड धरू पाहतो. मग झाकण बंद होते. त्याचे हात तसेच पुढे पसरलेले राहतात. एक शब्दही न उच्चारता कार्लॉफ एका नवजात जीवाची तहान दाखवतो. पुढे त्याच्यासमोर जळती मशाल नाचवली जाते, त्याला साखळीने बांधले जाते, चाबकाने मारले जाते. तो हिंस्र होतो, पण त्याआधी त्याच्यावर काय गुजरते ते प्रेक्षकाने पाहिलेले असते.

दुसरे दृश्य तळ्याकाठचे आहे. मारिया नावाची लहान मुलगी त्याला पाहते आणि घाबरत नाही. ती त्याचा हात धरून त्याला खेळायला बोलावते, त्याला फुले देते. दोघे मिळून फुले पाण्यात टाकतात, फुले तरंगतात. फुले संपतात, तेव्हा मुलगीही तरंगेल अशा समजुतीने तो तिला उचलून पाण्यात टाकतो आणि ती बुडते. तो भांबावून पळत सुटतो. हे दृश्य भीषण वाटले म्हणून त्याचा शेवट कापण्यात आला आणि कित्येक दशके चित्रपट तसाच दाखवला गेला. परिणाम उलटाच झाला. कापलेल्या प्रतीत तो मुलीकडे हात पुढे करतो, आणि नंतर दिसतो तो तिचा मृतदेह उचलून गावातून चालणारा बाप. मधे काय घडले असेल, याविषयी प्रेक्षकाने मनात वाटेल ते अमंगळ रचावे. कात्रीने भीषणता कमी केली नाही, तिने त्या जीवाचा अजाणपणा तेवढा कापून टाकला.

हे मला इतके का लागले, ते आता सांगते. अकराव्या वर्षी माझ्या कपाळावर कोडाचा पहिला डाग उमटला. सोळाव्या वर्षापर्यंत अर्धा चेहरा पांढरा झाला. एस.टी.त माझ्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहायची. एका लग्नात नात्यातल्या एका बाईंनी माझ्या मांडीवरचे तान्हे मूल अलगद उचलून घेतले. ‘घाबरेल गं ते,’ एवढेच त्या म्हणाल्या. मूल घाबरले नव्हते. ते माझ्या बांगड्यांशी खेळत होते. पुढे महाविद्यालयात असताना एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मारियाने त्या राक्षसाचा हात धरलेला पाहिला, तेव्हा सभागृहातील इतरांना पुढच्या अनर्थाची चाहूल लागून भीती वाटत होती. माझ्या मनात मात्र वेगळेच काही चालले होते. भीती मुलांच्या ठायी उपजत नसते, मोठी माणसे ती त्यांच्या हाती देतात, हे कोणीतरी मी जन्मण्यापूर्वीच ओळखून ठेवले होते.

अशीच भेट मला एका अमेरिकन मालिकेने दिली. ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका १९५९ ते १९६४ या काळात प्रसारित झाली. तिचे १५६ भाग आहेत आणि त्यांपैकी ९२ तिचे निर्माते रॉड सर्लिंग यांनी स्वतः लिहिले. सर्लिंग यांना विज्ञानकथेकडे यावे लागले, याला कारण आहे. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला. त्यातून स्फुरलेले सर्लिंग यांचे नाटक पुढच्या वर्षी दूरचित्रवाणीवर आले. परंतु प्रायोजकांच्या दडपणामुळे स्थळ बदलले, बळी बदलला आणि मूळ धार बोथट झाली. आजच्या माणसाविषयी जे उघड बोलता येत नाही, ते परग्रहावरच्या किंवा उद्याच्या माणसाच्या तोंडून बोलता येते, हे त्यांनी ओळखले.

१९६० सालच्या त्यांच्या एका भागात एक स्त्री रुग्णालयात आहे. चेहऱ्यावर पट्ट्या आहेत. इतरांसारखे दिसता यावे म्हणून तिच्यावर अकरावा उपचार झाला आहे. तोही फसला, तर तिला तिच्यासारख्यांच्या वेगळ्या वस्तीत पाठवले जाणार आहे. डॉक्टर आणि परिचारिका यांचे चेहरे सावलीतच राहतात. अखेर पट्ट्या उतरतात. चेहरा आपल्या दृष्टीने सुंदर आहे. डॉक्टर हताश होतात, दिवे लागतात आणि वेड्यावाकड्या ओठांचे, डुकरासारख्या नाकाचे त्यांचे चेहरे आपल्याला दिसतात. तेच त्या जगाचे सौंदर्य असते. वैद्य, लेप, मासे आणि दुधाचे पथ्य, नवस अशा माझ्या स्वतःच्या उपचारांची मोजदाद अकराच्याही पुढे गेलेली होती. एका मैत्रिणीकडच्या व्हिडिओ कॅसेटवर तो भाग पाहून मी आधी मोठ्याने हसले. आरशाशी माझा जुना वाद होता; तो त्या रात्री मिटला असे नाही, पण वादातला दुसरा पक्ष कोण, हे प्रथमच स्पष्ट झाले.

या कलाकृती निर्दोष आहेत, असा तुमचा समज होऊ नये. याच कार्लॉफने १९३२ साली ‘द मास्क ऑफ फू मांचू’मध्ये क्रूर चिनी खलनायक रंगवला. परक्या वंशाच्या माणसालाच राक्षस ठरवणारा तो चित्रपट आहे, आणि हा नट स्वतः मिश्र वंशाचा होता. विल्यम हेन्री प्रॅट हे त्याचे मूळ नाव. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानात मीठ-महसूल खात्यात नोकरीला होते आणि घराण्यात भारतीय रक्त होते. भयकथा हे दुधारी शस्त्र आहे. ती परक्याविषयीचा आपला द्वेष पोसू शकते, किंवा त्या परक्याच्या शेजारी आपल्याला आणून बसवू शकते. म्हणून भयपट पाहताना मी एकच कसोटी लावते: कॅमेरा क्षणभर तरी राक्षसाच्या बाजूने पाहतो का?

ही कसोटी तुम्ही आपल्या मातीतील भुतांनाही लावून पाहा. हडळ म्हणजे बाळंतपणात मेलेली बाई. मुंज्या म्हणजे मुंज झाल्यावर, संसार पाहण्यापूर्वीच गेलेला मुलगा. तो पिंपळावर राहतो. ही नावे तुम्ही लहानपणी अंगावर काटा आणणारी म्हणून ऐकली असतील. आता ती सावकाश उच्चारा. पहिल्या नावामागे वेळेवर सुईण न मिळालेली कोणी असेल, दुसऱ्यामागे तापात दगावलेले एखादे पोर. ज्यांचे दुःख जिवंतपणी कोणी पाहिले नाही, त्यांना आपल्या समाजाने मेल्यावर झाडे आणि विहिरी वाटून दिल्या, आणि मुलांना सांगितले की तिकडे जाऊ नका.

मला भीती आवडते का? नाही. घाबरून मिटलेले डोळे पुन्हा उघडण्याचा क्षण मला आवडतो. समोरचा अजून तिथेच उभा असतो. त्याचे हात अजून पुढे पसरलेले असतात.