कात्रजच्या सर्पोद्यानात

पुण्याजवळ कात्रजच्या आगम मंदिरात दर्शन घेऊन परतणारे यात्रेकरू जवळच्या सर्पोद्यानाकडे क्वचितच वळतात. नीलिमकुमार खैरे यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झालेले हे उद्यान आता राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात सामावले आहे. नाग, घोणस यांच्यापुढे गर्दी जमते. धामण मात्र दुर्लक्षित राहते. वास्तविक भंडाऱ्यासारख्या धानाच्या जिल्ह्यातील व्यापाऱ्याने तिच्यापाशीच थांबावे. कोठारात उंदीर, तेथे धामण येणारच. ती बिनविषारी, तिला फणाही नसतो. तरी नाग समजून तिच्यावर काठी पडते, आणि तीही पार्श्वप्रभूंच्या मस्तकावरील नागफणांना नित्य वंदन करणाऱ्या घरांत! मगरी, कासवे नंतर पाहावीत. मुलांना प्रथम धामण दाखवावी. बुधवारी उद्यान बंद असते.