घडवंचीवरचा लॅपटॉप

मे महिन्यात भर दुपारी नागपूरच्या आमच्या घरात दोनच आवाज असायचे. एक कूलरची घरघर आणि दुसरी त्याच्या टाकीतल्या टिल्लू पंपाची बारीक कुरकुर. यंदा त्यात तिसऱ्याची भर पडली. भाची इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ती प्रोजेक्टचं काम घेऊन गादीवर बसली की तिच्या लॅपटॉपमधला पंखा शिट्टी घालू लागतो. परवा बाहेर 45 अंश होते आणि काम सुरू असताना तो लॅपटॉप एकाएकी बंद पडला. तळाला हात लाववत नव्हता. पोरगी रडवेली झाली. "मामा, कूलिंग पॅड घ्यायचाय, कोणता घेऊ?" म्हणत तिनं फोन माझ्यापुढं धरला. एकाला दोन पंखे, दुसऱ्याला सहा, आणि बहुतेकांना निळे-जांभळे दिवे.

मला बाबा आठवले, आणि 1986 सालचा आमचा पहिला कूलर.

त्याआधी घरात वाळ्याच्या ताट्या होत्या. बांबूच्या कामट्यांच्या चौकटीत वाळ्याची मुळं दाबून बसवलेली. चैत्र सरता सरता आजोबा त्या इतवारीतून आणायचे आणि पश्चिमेच्या दाराला, खिडकीला बांधायचे. दर अर्ध्या तासानं त्यांच्यावर लोटाभर पाणी मारायचं काम आम्हा पोरांकडे. बाहेरची लू त्या ओल्या मुळांतून आत शिरताना पाण्याची वाफ करायची, वाफेला लागणारी उष्णता तिच्यातूनच जायची, आणि आत यायची ती गार, सुगंधी झुळूक. डोळे मिटून पडलं की पहिल्या पावसात न्हालेल्या मातीशेजारी झोपल्यासारखं वाटे. तो वास मला आजही कुठल्याही अत्तरापेक्षा प्रिय आहे. फक्त वारा पडला की सगळं थांबायचं. मग हातपंखे निघायचे.

म्हणून कूलर आला. बाबांनी तो निवडला तेव्हा मी सोबत होतो. कूलर बनवणाऱ्याच्या शेडमध्ये त्यांनी तासभर घालवला. टिचकी मारून पत्र्याची जाडी अजमावली, ताट्या तिन्ही बाजूंना आहेत ना ते पाहिलं, टाकीच्या तळाला पाणी काढायची तोटी आहे की नाही ते वाकून बघितलं, पंखा चालू करवून दहा पावलांवर जाऊन उभे राहिले. रंग कोणता हवा, असं दुकानदारानं विचारलं तेव्हा म्हणाले, "कोणताही चालेल."

घरी कूलर खिडकीत बसला. कडेच्या फटी बाबांनी पोत्याच्या तुकड्यांनी बुजवल्या, आणि मग समोरच्या भिंतीतली खिडकी उघडली. आजीला ते मुळीच पटलं नाही; एवढी गार केलेली हवा बाहेर घालवायची? बाबांनी वर्तमानपत्राची एक लांब पट्टी फाडली आणि उघड्या खिडकीपाशी धरली. पट्टी बाहेरच्या बाजूला फडफडू लागली. "हवेले जायाले वाट नसन, तर नवी येईन कुठून?" खोली बंद ठेवली तर ओलावा आतच साठतो, हवा दमट झाली की पाण्याची वाफ होईनाशी होते, आणि कूलर नुसता चिकट वारा फेकत बसतो. मुंबईच्या दमट हवेत कूलर का चालत नाही, याचं उत्तर मला त्या पट्टीनं दिलं. विदर्भातल्या कोरड्या उन्हात मात्र तोच कूलर बाहेरच्या हवेतून पंधरा-पंधरा अंश उतरवतो.

1994 मध्ये सीताबर्डीवरच्या कॉम्प्युटर क्लासला जाऊ लागलो. चपला बाहेर काढायच्या, जाड पडदे ओढलेले, आणि एसी. आयुष्यात पहिल्यांदा एवढा गारवा मी तिथं अनुभवला, आणि तो यंत्रांसाठी ठेवलेला होता. त्या काळचे अनेक 486 प्रोसेसर पंख्याशिवाय चालत. फार तर वर धातूची एक पन्हळी ठोकळी. आज भाचीचा लॅपटॉप जोरात कामाला लागला की प्रोसेसर आणि ग्राफिक्स मिळून शंभर वॉटच्या घरात उष्णता बाहेर टाकतात. स्वयंपाकघरातला जुना, शंभरचा पिवळा बल्ब आठवतो? त्याला बोट लावायची सोय नव्हती. तेवढी उष्णता दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या डब्यातून बाहेर काढायची असते. शंभर अंशांच्या आसपास पोचला की प्रोसेसर आपणच वेग कमी करतो, आणि तरीही भागलं नाही तर यंत्र बंद पडतं. परवा तेच झालं होतं.

आम्ही तो लॅपटॉप आधी दुरुस्तीवाल्याकडे नेला. पॅड घेण्यापूर्वी हे करायलाच हवं. त्यानं तळ उघडला तर पंख्यापुढच्या बारीक पात्यांवर धुळीचा नमदा बसलेला. दर मार्चमध्ये कूलरच्या क्षार बसून दगड झालेल्या ताट्या आम्ही बदलायचो, तसंच अगदी. धूळ निघाल्यावर आतली तांब्याची चपटी नळी दिसली, आणि मी बघतच राहिलो. त्या नळीतली हवा काढून टाकलेली असते आणि आत थोडंसं पाणी असतं. प्रोसेसरच्या बाजूला त्याची वाफ होते, वाफ थंड टोकाकडे धावते, तिथं पंख्याच्या वाऱ्यानं निवून तिचं पुन्हा पाणी होतं आणि नळीच्या सच्छिद्र अस्तरातून झिरपत परत येतं. अमेरिकेत लॉस अलामॉसला जॉर्ज ग्रोव्हर यांनी 1963 मध्ये अशी नळी तयार केली; पुढं ती अवकाशात गेली. आमच्या माठातलं पाणी झिरपून उडून जातं, हे परत येतं, एवढाच फरक. आजोबांना दाखवायला हवी होती ती नळी.

मग पॅडची निवड. मी वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि भाचीला म्हटलं, आधी बघ, तुझा लॅपटॉप श्वास कुठून घेतो. चालू लॅपटॉप तिनं कडेवर उभा धरला. तळाच्या जाळीपाशी पट्टी चिकटली, मागच्या फटीपाशी उडाली. म्हणजे हवा खालून आत, मागून बाहेर. अशाच यंत्राला पॅड उपयोगी पडतो, आणि त्याचा पंखा नेमका त्या जाळीखाली आला पाहिजे. तळाला छिद्रंच नसलेले, पंखाही नसलेले लॅपटॉप आता मिळतात. त्यांना पॅडचा लाभ थोडाच.

सहा पंख्यांचा पॅड मी बाजूला काढला. जुन्या यूएसबी खाचेतून पाच व्होल्टला अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॉट मिळतात. त्यात सहा चिमुकले पंखे आणि वर दिवे. एकच मोठा, सावकाश फिरणारा पंखा तेवढ्याच विजेत जास्त हवा देतो आणि आवाजही कमी करतो. वरचा पत्रा जाळीचा हवा, मागची बाजू उचललेली हवी. काही पॅडना भोवती स्पंजची कडा असते. हवा बाजूनं न निसटता थेट आत जाते. बाबांचे पोत्याचे तुकडेच ते. दिव्यांचा मला मनापासून राग येतो. गारव्याशी त्यांचा काही संबंध नाही आणि किमतीत मात्र ते मोजले जातात.

एक गोष्ट मी तिला पुन्हा पुन्हा सांगितली. पंखा हवा हलवतो, गार करत नाही. पुष्कळ लॅपटॉपच्या माहितीपत्रकात वापरासाठी 35 अंशांची मर्यादा दिलेली असते, आणि मेअखेरच्या नवतप्यात आमची माडीवरची खोली रात्रीसुद्धा त्याच्या वर असते. चाळिशीतली हवा कितीही जोरानं मारली तरी ती चाळिशीतलीच. म्हणून खाली, कूलरच्या खोलीत बस. पण त्याच्या तोंडासमोर नको, तुषार उडतात, आणि आपल्या बोअरच्या पाण्याचे क्षार यंत्रात जायला नकोत.

गादी मात्र मी त्याच दिवशी बंद केली. गादीत तळाची जाळी बुडते, नाक दाबल्यासारखी. मागं मोकळं, खालून हवा येईल अशा कशावर ठेवावा, म्हणून शोधू लागलो तर नजर घडवंचीवर गेली. आजीची, सागवानी, घागरी बसवायला गोल भोकं पाडलेली. तिच्यावर लॅपटॉप ठेवला, जाळी बरोबर भोकावर. भाचीनं तापमान दाखवणारा प्रोग्रॅम लावला. तेच काम, गादीवर 97 अंशांपर्यंत चढायचं, इथं 88 वर थांबलं. ती कितीतरी वेळ त्या आकड्याकडे पाहत होती. मग उठली आणि कोणी न सांगता समोरची खिडकी उघडून आली.

एका मोठ्या पंख्याचा पॅड मागवला आहे, चार दिवसांत येईल. तोवर माठ दोन विटांवर आहे.