दोन लेकरे, एक बाबागाडी
तळोज्याहून इमॅजिकाला जाताना

तळोजा म्हटले की बाहेरच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात. एक, एमआयडीसीतली धुराडी आणि दुसरे, मध्यवर्ती कारागृह. पण इथे माणसेही राहतात, संसार करतात, लेकरे वाढवतात. २०१८ साली सिडकोने तळोजा, खारघर, कळंबोली, घणसोली आणि द्रोणागिरी या ठिकाणच्या १४,८३८ घरांची सोडत जाहीर केली. दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठीची ही घरे. अशा योजनांमुळे इकडे नवी बिऱ्हाडे आली. कोणी कारखान्यात पाळीवर जाते, कोणी गोदामात माल उचलते, कोणी रिक्षा चालवते, तर कुणाची बायको खारघरला चार घरची कामे करते. तरुण जोडपी जास्त, म्हणून लहान मुलेही जास्त.

या मुलांना सुट्टी लागली की एकच धोशा असतो, "इमॅजिकाला कधी न्यायचे?" मागच्या पिढीच्या पोरांचे स्वप्न गोराईचे एसेलवर्ल्ड होते. ते १९८९ साली सुरू झाले होते, आता ते बंद आहे. आजच्या मुलांचे स्वप्न खालापूर तालुक्यातले इमॅजिका. खोपोली-पाली रस्त्यालगतचे हे उद्यान २०१३ साली सुरू झाले. तळोज्याहून अंतर साधारण पन्नास किलोमीटर. गाडीने दीड तासाची वाट, पण कामगाराच्या घरात तिथे जायचे म्हणजे चार-सहा महिन्यांची जमवाजमव असते. तिकीट, गाडीभाडे, खाणेपिणे, शिवाय एक खाडा. एवढा खर्च करून गेल्यावर तो दिवस घरातल्या सगळ्यांना आनंदाचा जावा की नाही?

आमच्या घरात दोन लेकरे आहेत. थोरली चार वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. थोरलीचे वजन सोळा किलो, धाकट्याचे जवळजवळ अकरा. दोघांची बेरीज सत्तावीस किलो झाली. वाण्याकडची तांदळाची गोणी पंचवीस किलोची असते. ती गोणी कुणी सकाळी दहापासून सूर्य मावळेपर्यंत कडेवर घेऊन फिरेल का? लेकरांच्या बाबतीत मात्र बाया हेच करतात आणि त्याला कुणी कष्ट म्हणत नाही.

म्हणून आम्ही बाबागाडीचा विषय काढला. सासूबाई लगेच म्हणाल्या, "आम्ही सहा डिसेंबरला चैत्यभूमीच्या रांगेत लेकरे कडेवर घेऊन रात्र रात्र उभ्या राहिलो. कुठे होती तुमची गाडी?"

"नव्हती म्हणूनच तर आज तुमची कंबर धरते ना, आई?" घरातून उत्तर गेले. सासूबाई हसल्या. मग त्यांनीच सांगितले, "घ्यायची तर नीट बघून घ्या. दुकानदार गोड बोलतो."

बाबागाडी ही साहेबांच्या घरची चैन, असा आपल्याकडे समज आहे. सुरुवात तशीच झाली हे खरे. १७३३ साली इंग्लंडमध्ये विल्यम केंट यांनी एका ड्यूकच्या मुलांसाठी जी गाडी बनवली, ती लहान जनावराने ओढायची होती. पुढे ती सामान्यांच्या हाती आली ती कारागिरांच्या डोक्यातून. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराचे विल्यम रिचर्डसन यांनी १८८९ साली अशा गाडीचे पेटंट घेतले, की जिच्यात बाळाचे तोंड आईकडेही करता येते आणि पुढेही. कृष्णवर्णीय संशोधकांच्या नामावळीत त्यांचे नाव आदराने घेतले जाते. त्यानंतर १९६५ साली ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी काढली. ते मूळचे विमानाच्या कामातले. विमानाची चाके पोटात मिटतात, तशी त्यांनी ॲल्युमिनियमच्या नळ्यांची गाडी मिटवली. आज बस-लोकलने फिरणाऱ्या आईला जी गाडी परवडते आणि झेपते, ती याच घराण्यातली.

आता दोन मुले म्हटल्यावर गाडी कोणती घ्यावी? आमच्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली वाट, दोन मुलांची जोडगाडी. तिच्यात दोन तऱ्हा असतात. एकीत मुले शेजारी-शेजारी बसतात, दुसरीत मागे-पुढे. दुकानात दोन्ही छान दिसतात. पण शेजारी-शेजारीच्या गाडीची रुंदी पाऊण मीटरच्या घरात जाते. वजन दहा किलोच्या वर. मागे-पुढेची गाडी अरुंद असली तरी लांब आणि जड, वळवताना हात भरून येतात. इमारतीची लिफ्ट बंद असली की असली गाडी जिन्यावरून कोण उतरवणार? भाड्याच्या गाडीत तर तिची आणखी अडचण. सीएनजीच्या बहुतेक गाड्यांची डिकी टाकीनेच भरलेली असते. तिथे जोडगाडी मावत नाही. ज्यांना जुळी आहेत आणि दोन्ही चालत नाहीत, त्यांना मात्र जोडगाडीच सोयीची. परदेशातल्या उद्यानांतही रुंदीचा प्रश्न आहेच. अमेरिकेतल्या डिस्नेच्या उद्यानांनी १ मे २०१९ पासून ७९ सेंटीमीटरपेक्षा रुंद आणि १३२ सेंटीमीटरपेक्षा लांब बाबागाड्यांना मनाई केली. गर्दीत माणसांना चालायला जागा राहत नव्हती.

दुसरी वाट, दोन हलक्या गाड्या. पण मग दोघांचेही हात अडकतात. पाण्याची बाटली कोणी काढायची, तिकीट कोणी दाखवायचे, थोरली पळाली तर मागे कोणी धावायचे?

तिसरी वाट, उद्यानात भाड्याची गाडी. मोठ्या उद्यानांत ही सोय बहुधा असते. निघण्यापूर्वी फोन करून भाडे आणि अनामत रक्कम विचारून घ्यावी. मात्र अशा गाड्या मोजक्या असतात आणि सुट्टीच्या दिवशी सकाळीच संपतात. शिवाय ती गाडी फाटकाच्या आतच. संध्याकाळी थकून झोपलेले लेकरू फाटकापासून वाहनतळापर्यंत पुन्हा कडेवरच आणायचे.

चौथी वाट, एकच हलकी, मिटणारी गाडी आणि दोघांच्या पाळ्या. कारखान्यात पाळ्या असतात, तशा लेकरांच्याही लावायच्या. आम्ही हीच वाट धरली. चार वर्षांचे मूल दिवसभर बसून राहत नाही. त्याला चालायचेच असते. ते थकते दुपारी जेवणानंतर. दीड वर्षाचे मूल सकाळी गाडीत बसते, आणि गंमत म्हणजे दुपारी त्यालाच खाली उतरून गाडी ढकलायची हौस येते. तेवढ्यात थोरली बसून घेते. दोघे एकाच वेळी पेंगले, तर धाकट्याला ओढणीच्या झोळीत बाबांच्या छातीशी घ्यायचे, नाकातोंड मोकळे ठेवून.

मात्र पाळ्या लावायच्या तर गाडी किती वजन पेलते हे आधी पाहिले पाहिजे. गाडीवर ते छापलेले असते. काही हलक्या गाड्या १५ किलोपर्यंतच चालतात, काही २२ किलोपर्यंत. आमची थोरली सोळा किलोची, म्हणून आम्ही २२ किलोची पाहिली. पट्टा पाच ठिकाणी अडकणारा हवा. दोन खांद्यांवर, दोन कमरेशी आणि एक पायांमधून. नुसता पोटावरचा पट्टा असेल तर मूल खालून घसरते. ब्रेक पायाने लागतो का, मिटल्यावर कुलूप बसते का, पाठ मागे झुकते का, हे स्वतः करून पाहावे. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मान सावरलेली नसते. त्याला छत्रीसारखी बसकी गाडी चालत नाही, पाठ पूर्ण आडवी होणारीच लागते.

साध्या गाड्या दोन-तीन हजारांत मिळतात. एका सहलीसाठी तेवढेही जड वाटते. म्हणून मजल्यावरच्या तीन बिऱ्हाडांनी आम्ही वर्गणी काढली आणि गाडी सामाईक घेतली. ज्याच्या घरी लसीकरण, ज्याच्या घरी लग्नाचा प्रवास, त्याने न्यायची आणि पुसून परत ठेवायची. जुनी गाडी मिळाली तरी हरकत नाही. पट्टे, ब्रेक, सांधे आणि चाके मात्र तपासावीत. सांध्यात लेकराचे बोट चेमटू शकते, म्हणून गाडी उघडताना-मिटताना मूल दूर उभे करावे.

जाण्याच्या आधीच्या रविवारी आम्ही रंगीत तालीम केली. त्यासाठी आमची मेट्रो बरी. बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबईची पहिली मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. सुमारे अकरा किलोमीटर मार्ग, अकरा स्थानके. पेंधरला बसलो, पेठाली-तळोजे, अमनदूत, पेठपाडा मागे टाकून सेंट्रल पार्कला उतरलो. लिफ्ट आहे, फलाट आणि डबा एका पातळीत आहेत, त्यामुळे गाडी उचलावी लागली नाही. खारघरच्या डोंगराकडे पाहत दोन तास बागेत फिरलो. थोरलीला कळले की आपली पाळी येते, हट्ट करावा लागत नाही. धाकट्याला पट्ट्याची सवय झाली. आणि आम्हाला कळले की घराजवळच्या उखडलेल्या पदपथावर छोटी चाके अडकतात, तिथे गाडी उलटी करून मागे ओढावी लागते.

मग एप्रिलमधल्या एका सुट्टीला तीन बिऱ्हाडे मिळून एक मोठी गाडी ठरवली. द्रुतगती मार्गावर रिक्षा आणि दुचाकीला बंदी आहे, त्यामुळे आपली रिक्षा घेऊन जाण्याचा प्रश्नच नव्हता. कळंबोलीहून मार्गाला लागलो, खालापूरला बाहेर पडलो. सह्याद्री समोर आला तशी पोरे खिडकीला चिकटली. कारखान्याचा वास मागे राहिला होता.

आत गेल्यावर ध्यानात आले की बाबागाडी पाळण्यांच्या रांगेत नेत नाहीत, बाहेर लावून जावे लागते. एकसारख्या कितीतरी गाड्या तिथे उभ्या असतात. आपली ओळखू यावी म्हणून आम्ही दांड्याला निळी रिबीन बांधली होती. पाकीट, मोबाइल, औषध असे काही गाडीत ठेवायचे नाही. जड पिशव्या दांड्याला अडकवायच्या नाहीत, कारण मूल उतरले की गाडी मागे उलटते. मूल बसलेले असताना तर तो धोका फारच मोठा. थोरलीच्या खिशात आमचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी होती.

ऊन रणरणत होते. अशा वेळी आया गाडीवर ओढणी किंवा चादर टाकतात. माया असते त्यात, पण कोरड्या कापडाखाली हवा कोंडते आणि आत उकाडा वाढतो. ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठाच्या २०२३ च्या अभ्यासात हेच दिसले. पातळ सुती कापड ओले करून टाकले, ते सुकू दिले नाही आणि हवा खेळती ठेवली, तर आत गारवा राहिला. आम्ही गाडीचे छत ओढले, शक्यतो सावली धरून चाललो आणि दर थोड्या वेळाने लेकराच्या मानेला हात लावून पाहिला. पावसाळ्यात प्लास्टिकचे आवरण घालतानाही हवेला वाट ठेवावी.

दुपारी टबी हत्तीच्या पाळण्यात थोरली बाबांबरोबर बसली. मोठ्या पाळण्यांना उंचीची अट असते, तिथे लहानांना सोडत नाहीत. तेव्हा मोठ्यांनीही पाळी लावावी. एकजण मुलांपाशी थांबला की दुसऱ्याने जाऊन यावे. सासूबाई सावलीत गाडीपाशी बसल्या, धाकटा आत झोपला होता. त्या अर्ध्या तासात घरातली बाई 'नायट्रो'च्या रांगेत उभी राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोकळ्या हातांनी किंचाळून आली. खाली उतरली तेव्हा तिचे केस विस्कटलेले आणि चेहरा शाळकरी मुलीसारखा झालेला. आमच्या वर्गणीचे पैसे तिथेच वसूल झाले.

एक गोष्ट मात्र दिवसभर डोळ्यांत भरली. उद्यानात गाड्या पुष्कळ होत्या, पण ढकलणाऱ्या बहुतेक बायाच. नाव बाबागाडी, पण बाबा पुढे फोटो काढत चाललेले! आणली गाडी, पण ओझे बाईचे बाईकडेच राहिले, तर तिचा उपयोग काय? म्हणून आम्ही निघतानाच ठरवले होते की चालण्याचा रस्ता बाबांकडे, बसण्याची जागा आईकडे. पाळीवर आठ तास उभा राहणारा माणूस मुलांची गाडीही ढकलू शकतो. त्यात कमीपणा कसला?

ज्यांना इमॅजिकाचे तिकीट यंदा झेपणार नाही, त्यांनी नेरूळच्या वंडर्स पार्कला जावे. २०१२ साली नवी मुंबई महापालिकेने केलेल्या त्या बागेत जगातल्या सात आश्चर्यांच्या प्रतिकृती आहेत. लेकरांना तेवढाच आनंद होतो. गाडी नसेल तर शेजारी विचारावे. कुणाच्या तरी माळ्यावर एखादी धूळ खात पडलेली असतेच. पट्टा तपासा, ब्रेक तपासा, निळी रिबीन बांधा आणि निघा. दांडा मात्र बाबांच्या हातात द्या.