अबेबेचे तळवे

१० सप्टेंबर १९६० च्या संध्याकाळी रोमची ऑलिंपिक मॅरेथॉन सुरू झाली, तेव्हा इथियोपियाचा अबेबे बिकिला अनवाणी उभा होता. नवे बूट चावत होते, पायांना फोड आले होते. बुटांशिवाय पळायचा सराव होताच, तेव्हा प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांच्याशी बोलून त्यानं ते बाजूला ठेवले.

निर्णय ऐनवेळचा असला तरी पाय लहानपणापासूनच घडत आले होते. १९३२ साली जातो गावात जन्मलेलं हे पोर डोंगरदऱ्यांत अनवाणीच वाढलं आणि पुढे सम्राटाच्या अंगरक्षक दलात शिपाई झालं.

अंधार पडला. सैनिकांनी धरलेल्या मशालींच्या उजेडात धावपटू ॲपियन मार्गाच्या पुरातन फरसबंदीवरून गेले. अगदी शेवटी अबेबेनं मोरोक्कोच्या राधीला मागे टाकलं आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीपाशी २ तास १५ मिनिटं १६.२ सेकंदांत शर्यत संपवली. विश्वविक्रम झाला आणि इथियोपियाला पहिलं ऑलिंपिक सुवर्ण मिळालं.

फरशीवर अनवाणी पळताना एकदा टाच आपटली की डोक्यापर्यंत कळ जाते. मग पाऊल आपोआप आखूड पडतं, चवडा आधी टेकतो, गुडघा किंचित वाकतो आणि हादरा पोटरी झेलते. तळव्याच्या बारीक स्नायूंनाही काम मिळतं. हार्वर्डचे डॅनियल लिबरमन यांनी २०१० मध्ये ‘नेचर’मध्ये हे मोजून दाखवलं: चवड्यावर उतरणाऱ्या सवयीच्या अनवाणी धावपटूंना, बूट घालून टाचेवर उतरणाऱ्यांपेक्षा जमिनीचा धक्का कमी बसतो. अनवाणी पळण्याची खरी कमाई ही अंगात मुरलेली चाल.

ती चाल बुटांतही टिकू शकते. १९६४ मध्ये टोकियोत, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेला सहा आठवडेही झाले नसताना, अबेबे बूट घालून पळाला आणि २ तास १२ मिनिटं ११.२ सेकंद असा नवा विश्वविक्रम केला. अनवाणी पळण्याचं कौतुक करताना टोकियो विसरणं योग्य नाही.

१९६९ च्या मोटार अपघातात त्याचे पाय लुळे पडले. चाकाच्या खुर्चीतूनही तो तिरंदाजीच्या स्पर्धांत उतरला. १९७३ मध्ये, एक्केचाळिसाव्या वर्षी, तो गेला.

अनवाणी पळायचं मनात असेल, तर आधी गवतावर थोडं चाला, मग अगदी थोडं पळा. बुटांना सरावलेली पोटरी आणि टाचेची शीर घाई सोसत नाही. दुखलं की थांबा. मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली असेल, तर पायांतलं पादत्राण काढूच नका.