ह्यांचा कॅमेरा आणि ग्रीसची चौकशी



दिवाळीच्या साफसफाईत वरच्या कप्प्यातून ह्यांचा रशियन झेनिट कॅमेरा निघाला. हे जाऊन चार वर्षं झाली. रामटेकच्या शांतिनाथ मंदिराचे, मुनिमहाराजांचे, मुलांचे सगळे फोटो त्यातलेच. नातवाला तो हवा होता, पण लेन्सचं फोकसचं कडं काही केल्या हलेना. शिवाय आतल्या काचेवर बुरशीचे कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे!

सीताबर्डीतल्या एका वयस्क कारागिरांकडे नेला. ते म्हणाले, "ताई, आपला नागपूरचा उन्हाळा. पारा ४५ च्या वर गेला की ग्रीसमधलं तेल सुटून वाहून जातं आणि आट्यांत मेणासारखा गाळ उरतो." तो पेट्रोलने धुऊन नवीन ग्रीस अगदी थोडं लावायचं. जास्त झालं तर ते आतल्या पात्यांवर उतरतं, आणि ती पाती कोरडीच लागतात. आटे सुटतात त्या जागी आधी खूण करतात. ती चुकली तर लांबचं कधीच स्पष्ट दिसत नाही.

मी विचारलं, "भाऊ, ग्रीस कशाचं?" ते हसले. आजवर कोणी विचारलं नव्हतं म्हणे. पूर्वी चरबीचं असायचं, हे मला ठाऊक होतं. डबी लिथियम ग्रीसची होती. घरी नातवाने कंपनीचं माहितीपत्रक शोधलं, त्यात १२-हायड्रॉक्सी स्टिअरेट लिहिलेलं. ते एरंडेलापासून होतं. माझा जीव भांड्यात पडला.

पण वाचता वाचता दुसरंच समोर आलं. फिल्मवरचा चांदीच्या क्षारांचा थर जिलेटिनमध्ये बसवलेला असतो, आणि ते जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं. फोटोच्या कागदावरही तेच. चिमूटभर ग्रीसची चौकशी करणारी मी, आणि घरात इतक्या वर्षांत शेकडो रोल आले! महाराजांचे फोटोसुद्धा त्यावरच. मी बी.कॉम. झालेली, पण हा हिशेब कुठे मांडावा कळेना. ह्यांना ठाऊक होतं का? विचारायला आता कोणी नाही. त्या रात्री आलोचना पाठात मन लागलं नाही.

बुरशीचंही तसंच. ती अनंतकाय, पुसली की हिंसा. पुसून घेतली, खोटं कशाला बोलू. पण पापड-पिठात जीव पडूच नयेत म्हणून चातुर्मासाआधी आपण जो यत्नाचार करतो, तोच इथे चालतो. लेन्स आता घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असते. पुड्या गुलाबी पडल्या की तव्यावर गरम करून घ्यायच्या.

नातवाला स्पष्ट सांगितलं, रोल आणायचा नाही. त्याने एक छोटं जोडकडं आणून ती लेन्स डिजिटल कॅमेऱ्याला लावली. ह्यांचं फोकसचं कडं आता एका बोटाने फिरतं.

अल्बम मात्र कपाटात होते तिथेच ठेवले आहेत.