कोसबाडची टेकडी आणि कडेवरचं मूल

वलसाड सोडलं की पॅसेंजर गाडीतली गुजराती हळूहळू मराठीत मिसळू लागते. उंबरगाव येईपर्यंत समोरच्या बाकावरच्या बाई एकाच वाक्यात दोन्ही भाषा बोलत होत्या आणि मध्येच मला सोललेला चिकू देत होत्या. आम्हा बडोदेकरांना अशा भाषेचं नवल नाही. नवल वाटलं ते घोलवडला उतरल्यावर. इतकं छोटं, इतकं सावलीचं स्टेशन, आणि बाहेर पडताच दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या. पश्चिमेला गेलात तर बोर्डीचा समुद्र आणि सुरूची झाडं. पूर्वेला वळलात तर कोसबाडची टेकडी. बहुतेक प्रवासी समुद्राकडे जातात. मला टेकडीकडे जायचं होतं.

स्टेशनवर माझी भाची स्कूटर घेऊन उभी होती. ती पालघर जिल्ह्यात विशेष शिक्षिका आहे. म्हणजे तिची स्वतःची अशी शाळा नाही. गावोगावच्या साध्या शाळांत जी मुलं ऐकण्यात, पाहण्यात, चालण्यात किंवा शिकण्यात अडतात, त्यांच्यासाठी ती फिरते आणि तिथल्या शिक्षकांनाही शिकवते. "मावशी, सामान एवढंच? बस मागे, आणि घट्ट धर," ती म्हणाली. एकोणसत्तराव्या वर्षी स्कूटरवर मागे बसून टेकडी चढण्याचा प्रसंग माझ्यावर प्रथमच आला.

कोसबाडला मी का निघाले, ते आधी सांगायला हवं.

१९७९ची गोष्ट. नोकरीचं माझं दुसरं वर्ष. माझ्या वर्गात नऊ वर्षांची एक मुलगी होती. आई चार घरची धुणीभांडी करायची, म्हणून ही धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेत यायची. भाऊ रडला की ती उठून दारात जायची, झुलवायची, पुन्हा येऊन बसायची. तेवढ्यातही तिचे पाढे वर्गात सगळ्यांत पक्के. पुढच्या आठवड्यात तपासणी होती. मी तिला म्हटलं, "उद्यापासून याला घरी ठेवून ये." रागावून नाही, अगदी समजावून म्हटलं. ती "हो बाई" म्हणाली. दुसऱ्या दिवशी आली नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पुढे नियमाप्रमाणे तिच्या नावावर लाल शाईची रेघ आली. ज्या संस्थानात सयाजीरावांनी १९०६ साली सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं, त्या बडोद्यातली मी शिक्षिका. प्रशिक्षणात 'बालकाचा सर्वांगीण विकास' या विषयात मला उत्तम गुण होते!

निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला, तेव्हा कळलं की माझ्यापुढे जो प्रश्न कडेवर बसून आला होता, त्याचं उत्तर दोन मराठी बायकांनी माझ्या कितीतरी आधी शोधून ठेवलं होतं, आणि तेही बडोद्याहून काही तासांच्या अंतरावर.

त्यातल्या ताराबाई मोडक आम्हा गुजरातेतल्या मराठी माणसांना जवळच्या. वकिली सोडून मुलांत रमलेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर काढलं. गुजरात त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणतं. ताराबाई १९२३मध्ये तिथे गेल्या आणि नऊ वर्षं त्यांच्याबरोबर राबल्या. १९२६ साली दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. बालमंदिराला जोडून शिक्षकांसाठी अध्यापन मंदिरही होतं. मूल कसं शिकतं हे आधी मोठ्यांनी शिकावं, हा त्यामागचा विचार. पुढे ताराबाई मुंबईत दादरला आल्या, शिशुविहार चालवला. पण हे सारं होतं शहरातल्या, अंघोळ करून, डबा घेऊन येणाऱ्या मुलांसाठी. आपलं शिक्षण बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही, ही टोचणी त्यांना लागून राहिली असणार. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. सोबत होत्या पस्तिशीच्या अनुताई वाघ. बालपणी लग्न, पाठोपाठ वैधव्य, मग मास्तरकी आणि रात्रशाळेतून मॅट्रिक. बी.ए. तर त्या पन्नाशीच्या आसपास झाल्या. शिक्षकाचं शिकणं कधी संपतं, असं मला कोणी विचारलं तर मी अनुताईंचं नाव सांगते.

त्याच १९४५ साली याच भागात वारली शेतमजूर वेठबिगारीविरुद्ध उठले होते. गोदावरी परुळेकर त्यांच्यात काम करीत होत्या. असल्या दिवसांत बालवाडीत येणार कोण? बालवाडी उघडली, आणि ज्यांच्यासाठी उघडली तीच मुलं येईनात. कोणी गुरं राखत होतं, कोणी सरपण आणत होतं, कोणाच्या कडेवर भावंडं होतं. शिवाय पुस्तकातली मराठी त्यांच्या वारली बोलीपासून दूर.

इथे दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही. मीही असंच म्हणत असे. ताराबाई-अनुताईंनी मुलं न येण्याचं कारण मुलांच्या दिवसात शोधलं. मुलं येत नाहीत तर आपण जाऊ, म्हणून पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं चरायची आणि बाई मुलांबरोबर रानात बसायच्या. आणि कडेवरच्या मुलांसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली. तिचं नाव विकासवाडी. थोरलीने धाकट्याला पाळणाघरात ठेवायचं आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायचं. बस, एवढंच! वाचताना मी पुस्तक मिटून कितीतरी वेळ बसून राहिले होते.

१९५६-५७च्या सुमारास हे काम बोर्डीहून कोसबाडला आलं. टेकडी म्हणजे मोठा डोंगर नव्हे. डिसेंबरात गवत पिवळं पडलेलं, आंब्याची झाडं, मध्येमध्ये ताड. शेतकी संस्थाही इथेच आहे. आम्ही गेलो तो रविवार, त्यामुळे शाळेची दारं बंद होती आणि मला त्याचं बरंच वाटलं. ओट्यावर शांत बसता आलं. हवा स्वच्छ होती. भाची बोटाने पश्चिमेकडे दाखवून म्हणाली, ती बारीक रेघ दिसते ना, तो समुद्र. मला काही दिसली नाही, पण मी हो म्हटलं.

तिथेच भाचीने झाडाखालून मूठभर चिंचोके वेचले आणि माझा वर्ग सुरू केला. माँटेसरीची साधनं सुबक, पण महाग. इथे त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, खडे, बांबूच्या नळ्या आल्या. "लोक म्हणतात, पैसे नव्हते म्हणून. तेवढंच नाही, मावशी. हा चिंचोका मुलाच्या ओळखीचा आहे. त्याला घाबरून जायला होत नाही." मग तिने एक चिंचोका अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरला. साधारण पहिल्या वाढदिवसाच्या आसपास मुलाला ही चिमूट जमते. पुढे बिया निवडणं, नळीत टाकणं, ओवणं, यातून तीच चिमूट बळकट होते आणि मग पेन्सिल धरते. चिमूट तयार नसताना हातात पेन्सिल दिली की अक्षर वेडंवाकडं येतं आणि आपण मुलाला आळशी ठरवतो. "गुंजा मात्र द्यायच्या नाहीत हं, दिसायला सुंदर पण विषारी," तिने जाताजाता सांगितलं. लहान मुलांच्या आया हे वाचत असतील, म्हणून मुद्दाम लिहिते. चिंचोकेही समोर बसूनच द्यावेत. लहान मुलं सगळंच तोंडात घालतात.

तिच्या कामाच्या गोष्टी ऐकताना माझी एकेक जुनी मुलं डोळ्यांसमोर येत होती. एका शाळेत एक मुलगा 'लक्ष देत नाही' म्हणून मागे बसवला होता. त्याला ऐकू कमी येत होतं. तिने त्याला पुढे आणलं, आणि बाईंना दोन गोष्टी सांगितल्या: फळ्याकडे तोंड करून बोलू नका, आणि खिडकी पाठीशी ठेवून उभ्या राहू नका, म्हणजे उजेड तुमच्या चेहऱ्यावर पडेल आणि त्याला ओठ दिसतील. खर्च शून्य. १९९५च्या अपंगांसाठीच्या कायद्यात सात प्रकार मोजले होते. २०१६च्या कायद्यात ते एकवीस झाले आणि वाचन-लेखनात अडणारी मुलंही त्यात आली. त्याआधी २००९ सालीच शिक्षण हा सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाचा हक्क झाला. कायदे चांगले आहेत. पण प्रशिक्षणाला बसलेल्या शिक्षकांच्या चेहऱ्यावर काय असतं, असं विचारल्यावर भाची हसली. "घड्याळ," म्हणाली. "पण दुपारी मी त्यांच्या कानात कापूस घालते आणि दहा मिनिटं तसाच तास घेते. मग कोणी घड्याळ बघत नाही."

दुसऱ्या दिवशी ती मला एका पाड्यावर घेऊन गेली. जिल्हा परिषदेची शाळा आणि अंगणवाडी एकाच आवारात. अंगणवाडी! २ ऑक्टोबर १९७५ला एकात्मिक बालविकास योजना देशातल्या ३३ ठिकाणी सुरू झाली, आणि आज काश्मीरपासून केरळपर्यंत हा शब्द चालतो. तो या भागातल्या अंगणांशी नातं सांगतो, हे किती जणांना ठाऊक असेल?

घंटा व्हायची होती. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन चढण चढत आली. अंगणवाडीच्या दारात मदतनीस ताईंनी हात पुढे केले. मुलगी तीन पावलांत शेजारच्या वर्गात. धाकटा दोन मिनिटं रडला, मग समोरच्या वाटीतल्या बियांकडे वळला. कोणी काही बोललं नाही, कारण हे रोजचंच होतं.

सगळंच असं गोजिरं नाही. सेविका ताई सांगत होत्या, मोबाईलवर माहिती भरायची, वजनं घ्यायची, आहार वाटायचा, बैठकांना जायचं. मुलांत बसायला वेळ उरतो तो चोरून. आणि ज्या दिवशी ताई बैठकीला जातात आणि मदतनीसही आजारी असतात, त्या दिवशी अंगणवाडीला कुलूप, म्हणजे शाळेतल्या पाच-सहा मुलीही गैरहजर. शाळेच्या हजेरीपटावर मात्र कारण लिहिलं जातं: घरकाम. हे सेविकेच्या मानधनाशी आणि सुट्टीच्या बदलीशी जोडलेलं आहे, असं वर कोणाला तरी दिसायला हवं. मीही तपासणीच्या धाकाने वागले होते. तेव्हा सेविकेला बोल लावायचा मला काही हक्क नाही.

कोणाला जायचं असेल तर सोपं आहे. मुंबईकडून डहाणू रोडपर्यंत २०१३पासून लोकल येते. गुजरातकडून पॅसेंजरने घोलवड. पावसाळा संपल्यावर जावं. आदल्या दिवशी बोर्डीच्या किनाऱ्यावर राहावं आणि वारली चित्रं घ्यायची असतील तर पाड्यावरच्या चित्रकारांकडूनच घ्यावीत. शाळा बघायची असेल तर आधी परवानगी काढावी. मुलं म्हणजे काही प्रेक्षणीय स्थळ नव्हे.

संध्याकाळी परतीची गाडी उशिरा होती. भाचीने दोन डझन चिकू पिशवीत भरून दिले. फलाटावरच्या बाकावर बसल्यावर तिने विचारलं, "मावशी, त्या तुझ्या मुलीचं नाव काय होतं गं? ती आता केवढी असेल?"

"पंचावन्नच्या आसपास," मी म्हटलं. मग नाव सांगितलं, आणि हजेरीपटातला क्रमांकही. सतरा.